शिरढोणचा वीर आणि त्याचे विसरलेले सोबती

ग्रीक पुराणकथेत अथेन्सचा राजा थीसियस याची गोष्ट आहे. तरुणपणी त्याने प्रचंड शिळा उचलून बापाची तलवार काढली. पुढे क्रीटच्या चक्रव्यूहात शिरून त्याने राक्षस मारला. पण बाहेरची वाट सापडली ती राजकन्या आरिआद्नीने दिलेल्या धाग्यामुळे. परतताना त्याने तिलाच नॅक्सोस बेटावर सोडून दिले. कथेत शिळा उचलणारा मोठा झाला, धागा देणारी मागे राहिली.

पनवेलजवळच्या शिरढोणला ही गोष्ट परकी नाही. 4 नोव्हेंबर 1845 रोजी येथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. एडनच्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले व पुन्हा पकडले गेले. दाराची ही कथा लोकांच्या तोंडी आहे. त्यांच्या सोबत्यांची कथा मात्र फारशी कुणी सांगत नाही.

फडके पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरीला होते. 1876-77च्या दुष्काळात रयत अन्नाला महाग झाली आणि त्यांनी बंडाचा मार्ग धरला. सुशिक्षितांनी पाठ फिरवली, तेव्हा हाक ऐकली ती रामोशांनी. फेब्रुवारी 1879 मध्ये धामारीवर पहिला दरोडा पडला. मे महिन्यात दौलतराव नाईक इंग्रजांच्या गोळीला बळी पडले आणि बंडाचा कणा मोडला. मग फडके निजामाच्या मुलखाकडे वळले. तेथे इस्माईल खान याच्यामार्फत सुमारे 500 रोहिले जमवण्याची बोलणी झाली.

रोहिल्यांशी ठरले ते पगारावर, हे आम्ही लपवू इच्छित नाही. जुलै 1879 मध्ये फडक्यांना पकडले, तेव्हा मेजर डॅनिअलबरोबर निजामाचे पोलिस अधिकारी अब्दुल हक होते, हेही लपवू नये. सोबतीला आलेला मुसलमान आणि पकडायला आलेलाही मुसलमान! इतिहास जमातींच्या खात्यावर मांडता येत नाही, तो असा. पुण्याच्या न्यायालयात फडक्यांची बाजू गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी मांडली. शिक्षा जन्मठेपेची झाली. 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनमध्येच त्यांचा अंत झाला.

शिरढोणला त्यांचे स्मारक आहे, ते असावेच. आमचे मागणे एवढेच की, मुलांना दाराची गोष्ट सांगताना दौलतराव नाईक आणि इस्माईल खान ही नावेही सांगावीत. त्यांना वीर म्हणण्याची घाई नको आणि वगळण्याची तर मुळीच नको. एकट्याने दार उखडता येते, बंड उभारायला मात्र अनेक हात लागतात.