मॉन्झाला फॉर्म्युला वन बघायला जायचंय? तिकिटाआधी कॅलेंडर उघडा

भारतात फॉर्म्युला वनची शर्यत आजवर फक्त तीनदा झाली. २०११, २०१२ आणि २०१३ साली, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. तिन्ही वेळा जिंकला सेबॅस्टियन व्हेटेल. त्यानंतर ही शर्यत स्टँडमध्ये बसून बघायची म्हणजे पासपोर्ट काढणं आलं. आपल्याला जवळची म्हणजे सिंगापूर आणि अबू धाबी. पण आयुष्यात एकदाच एवढा खर्च करायचा तर कुठे, असं विचारलं की अनेक चाहत्यांच्या तोंडी इटलीतल्या मॉन्झाचं नाव येतं.

त्याला कारणही तसंच आहे. मिलान शहराच्या उत्तरेला असलेला हा ट्रॅक १९२२ साली अवघ्या ११० दिवसांत बांधला गेला, तोही एका जुन्या राजेशाही उद्यानाच्या भिंतीआड, झाडांच्या मधोमध. १९५० साली फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा सुरू झाल्यापासून १९८० चा अपवाद सोडला तर इटालियन ग्रां प्री दरवर्षी इथेच होते. लांब सरळ रस्ते आणि मोजकी वळणं असल्यामुळे याला वेगाचं मंदिर म्हणतात. २०२५ ची शर्यत मॅक्स व्हर्स्टापेनने १ तास १३ मिनिटांत संपवली. सरासरी वेग होता ताशी २५० किलोमीटर. फॉर्म्युला वनच्या इतिहासात एवढ्या वेगाने कुठलीच शर्यत झाली नव्हती.

आता मुद्द्याचं. युरोपची साधी सहल आणि शर्यतीची सहल यांत एक मोठा फरक आहे. साध्या सहलीत व्हिसा उशिरा आला तर तारीख पुढे ढकलता येते. व्हेनिस कुठे पळून जात नाही. शर्यत मात्र एका रविवारी दुपारी तीन वाजता होते आणि दीड तासात संपते. सोमवारी व्हिसा हातात पडला तर त्याचा उपयोग शून्य.

आणि इथेच गुंता होतो. शर्यतीची तिकिटं बरेच महिने आधी विक्रीला येतात, चांगल्या स्टँडची तर लवकर संपतात. पण शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीच्या अलीकडेच करता येतो. म्हणजे व्हिसा मिळेल की नाही हे माहीत नसताना तिकीट काढावं लागतं, आणि ते सहसा परत होत नाही.

यातून सुटायचा मार्ग एकच: जोखीम फक्त शर्यतीच्या तिकिटाच्या पैशांपुरती ठेवायची. बाकी प्रत्येक गोष्ट रद्द करता येईल अशीच बुक करायची. हॉटेल मोफत रद्द होणारं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. विमानाचं स्वस्तातलं, परत न होणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका. ‘ऑफर आज रात्री संपतेय’ हा मेसेज पुढच्या आठवड्यातही येतो.

व्हिसाचं गणित

२०२६ ची इटालियन ग्रां प्री ४ ते ६ सप्टेंबरला आहे. समजा तुम्ही २ सप्टेंबरला निघणार. मग अर्ज २ मार्चपासून करता येईल आणि नियमाप्रमाणे प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी तो दिलेला असायला हवा. पण या शेवटच्या तारखेच्या भरवशावर राहिलात तर फसाल. अर्जावर निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, शंका आल्यास ४५ दिवसही लागू शकतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे अपॉइंटमेंट. आपल्याकडे शाळांना सुट्ट्या लागल्या की निम्मी मुंबई-पुणे युरोपला निघाल्यासारखी वाटते आणि व्हिसा केंद्रात तारखा मिळेनाशा होतात. त्यामुळे मार्चमध्ये खिडकी उघडली की लगेच तारीख शोधायला लागा.

मोठ्या माणसांसाठी व्हिसाची फी ९० युरो आहे. अर्ज नाकारला तर ती परत मिळत नाही. नकाराचं कारण लेखी मिळतं आणि त्यावर अपील करता येतं, पण अपिलाचा निकाल शर्यतीआधी लागेल ही आशा धरू नये. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र ही नेहमीची कागदपत्रं लागतातच. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून दोन लाख खात्यात टाकून घेण्याची युक्ती मात्र करू नका. अचानक आलेली मोठी रक्कम मदतीपेक्षा संशयच जास्त वाढवते. शर्यतीच्या तिकिटाची प्रत अर्जाला जरूर जोडा. का चाललात, कधी परत येणार, हे त्यातून स्पष्ट होतं.

आणखी एक ठिकाण जिथे लोक हमखास चुकतात. ‘एवढ्या लांब जातोच आहोत तर स्वित्झर्लंडही करू’ हा विचार घराघरांत होतो. करायला हरकत नाही. पण अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. इटलीत तीन रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये पाच, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल. दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील तर आधी ज्या देशात पाऊल ठेवणार त्याच्याकडे. इटलीची अपॉइंटमेंट मिळवून बसल्यावर हे कळलं तर सगळं पहिल्यापासून.

कुठे बसायचं?

टीव्हीवर आपण अख्खी शर्यत बघतो. ट्रॅकवर आपल्याला दिसतो फक्त समोरचा तुकडा. मॉन्झाचा एक फेरा ५.७९३ किलोमीटरचा, असे ५३ फेरे. प्रत्येक गाडी साधारण सव्वा ते दीड मिनिटाने समोरून जाते आणि सरळ रस्त्यालगत बसलात तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत ती गेलेली असते. तिथे आवाज आणि वेग अंगावर येतो हे खरं, पण कोण कोणाच्या पुढे गेलं ते समोरच्या मोठ्या पडद्यावरच कळतं.

म्हणून जागा निवडताना गाड्या कुठे ब्रेक लावतात ते बघा. पहिल्याच वळणावर, म्हणजे मुख्य सरळ रस्ता संपतो तिथे, गाड्या ताशी साडेतीनशेच्या आसपासचा वेग काही क्षणांत पार खाली आणतात. ओव्हरटेक, धडका, वाद यांतलं बरंच काही तिथेच घडतं. अस्कारी आणि शेवटचं पाराबोलिका ही वळणंही चांगली. पाराबोलिकाचं अधिकृत नाव २०२१ पासून मिकेले अल्बोरेतो या इटालियन ड्रायव्हरच्या नावाने आहे, पण लोक जुनंच नाव घेतात. पडदा समोर दिसतो का, हे स्टँडच्या नकाशावर तपासूनच पैसे भरा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे जनरल अ‍ॅडमिशन. यात ठरलेली खुर्ची नसते, मोकळ्या जागेत उभं राहायचं किंवा गवतावर बसायचं. मॉन्झाचा परिसर बराचसा सपाट आहे, त्यामुळे पुढच्या माणसाचं डोकं हीच मुख्य अडचण. रविवारी चांगली जागा हवी तर भल्या पहाटे उठावं लागेल. आमचं मत विचाराल तर तरुणांनी शुक्रवार-शनिवारी हिंडून जागा हेरून ठेवावी आणि हेच तिकीट काढावं. आईवडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर मात्र खुर्चीचे पैसे द्या. तीन दिवस गवतावर काढणं वाटतं तितकं सोपं नाही.

तिकीट ट्रॅकच्या किंवा फॉर्म्युला वनच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. इन्स्टाग्रामवर कोणी ‘मी येऊ शकत नाही, माझं तिकीट घ्या’ म्हणत असेल तर लांब राहा. आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते विक्री सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बघा, रांगेत नंबर लागल्यावर नाही.

राहणं आणि पोहोचणं

खुद्द मॉन्झा गावात त्या आठवड्यात खोली मिळणं कठीण. मिलानमध्ये राहिलेलं बरं. तिथून मॉन्झा लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मिलानचे दर झेपत नसतील तर कोमो किंवा लेक्को बघा. दोन्ही तळ्याकाठची गावं आहेत आणि दोन्हीकडून मिलानला जाणाऱ्या गाड्या मॉन्झाला थांबतात. स्टेशनवरून कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी ते फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं. नाहीतर दंड.

मॉन्झा स्टेशन म्हणजे ट्रॅक नव्हे. उद्यान प्रचंड मोठं आहे. शर्यतीच्या दिवसांत स्टेशनवरून बस सोडतात, तरी गेटपासून स्टँडपर्यंत चांगलीच पायपीट होते. नवे बूट घालून जाऊ नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला ऊन लागतं आणि मधूनच वादळी पाऊसही येतो. छत्रीने मागच्यांना दिसत नाही, रेनकोट न्या. मुलांसाठी कानावर लावायचे इअरमफ न्याच. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं, तेव्हा तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवा आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा.

मधल्या वेळेत झाडीतला जुना उतरता ट्रॅक बघून या. १९५५ साली बांधलेली ही काँक्रीटची वळणं इतकी तिरकी आहेत की त्यावर चालत चढताना दम लागतो. फॉर्म्युला वनच्या गाड्या त्यावर शेवटच्या धावल्या १९६१ मध्ये.

शर्यत संपली की लगेच उठू नका. मॉन्झाला लोक ट्रॅकवर उतरतात आणि बक्षीस समारंभाच्या सज्जाखाली लाल झेंड्यांचा समुद्र होतो. २०२४ मध्ये फेरारीच्या शार्ल लक्लेर्कने शर्यत जिंकली तेव्हाचे व्हिडिओ बघा, म्हणजे कल्पना येईल. शिवाय त्या वेळी स्टेशनकडे जाणाऱ्या गर्दीत अडकण्यापेक्षा तासभर तिथेच थांबलेलं परवडतं.

राहिला प्रश्न रजेचा. मॉन्झा आणि गणपती बरेचदा एकमेकांवर येतात. २०२५ मध्ये तर अनंत चतुर्दशी शनिवारी होती आणि शर्यत दुसऱ्याच दिवशी, म्हणजे घरचं विसर्जन करून मॉन्झा गाठणं अशक्यच. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे बाप्पाच्या आधी घरी परतता येईल. परतीचं विमान मात्र रविवारी रात्रीचं घेऊ नका, सोमवारी दुपारनंतरचं घ्या.