पंचहौदचा चहा

चहा की कॉफी, हा आज आवडीचा प्रश्न. १८९० साली पुण्यात मात्र चहा हा धर्माचा प्रश्न झाला. पंचहौद मिशनमधील व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळकही होते. कुणी चहा प्यायले, कुणी शिष्टाचार म्हणून पेला नुसता हाती घेतला. गोपाळराव जोशींनी नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आक्षेप चवीला नव्हता, मिशनऱ्यांच्या हातचे घेण्याला होता. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. १८९२ साली रानड्यांनीही घेतले, तेव्हा सुधारक नाराज झाले. पुढेही अनेक गावांतल्या हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळीच असे. म्हणून मंडळी, चहाच्या इतिहासात पत्ती-साखरेइतकाच तो कुणाच्या हातचा, कुणासोबत, हाही हिशेब येतो.