ब्राउनिंग ऑटो-५

ब्राउनिंग ऑटो-५ ही अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी तयार केलेली अर्धस्वयंचलित छर्ऱ्याची बंदूक आहे. तिचे पेटंट १९०० साली मिळाले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊन यशस्वी ठरलेली या प्रकारची ही पहिली बंदूक मानली जाते. बेल्जियममध्ये आणि नंतर जपानमध्ये तिचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होते. रिसीव्हरची, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या पेटीची, मागची बाजू चौकोनी व उंच असल्यामुळे ती पाहताक्षणी ओळखू येते. इंग्रजीभाषक शिकारी तिला ‘कुबडी’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. ‘ऑटो-५’ मधील पाच हा आकडा नळीच्या मागील कोठडीत एक व मॅगझिनमध्ये चार अशा एकूण पाच काडतुसांचा आहे. ‘ऑटो’ या शब्दाने मात्र गैरसमज होऊ नये. चाप दाबून धरल्यास ही बंदूक गोळीबार करत राहत नाही. प्रत्येक बारासाठी चाप नव्याने दाबावा लागतो. स्वयंचलित आहे ते केवळ रिकामे काडतूस फेकणे आणि नवे भरणे.

इतिहास

ब्राउनिंग यांची अनेक शस्त्रे त्यापूर्वी विंचेस्टर कंपनीने बनवली होती. या बंदुकीसाठी त्यांनी एकरकमी किमतीऐवजी प्रत्येक नगामागे मानधन मागितले आणि तेथे बोलणी फिसकटली. त्यानंतर ते रेमिंग्टन कंपनीकडे गेले. जानेवारी १९०२ मध्ये ज्या दिवशी तिचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली होती, त्याच दिवशी हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. अखेर बेल्जियममधील लिएजजवळच्या हर्स्टल येथील एफ. एन. कंपनीने हे काम स्वीकारले. पुढे अमेरिकेतील आयातकरामुळे तेथे बेल्जियन बंदुका विकणे महाग पडू लागले, तेव्हा रेमिंग्टनलाच उत्पादनाचा परवाना देण्यात आला. ‘रेमिंग्टन मॉडेल ११’ या नावाने प्रसिद्ध झालेली बंदूक ती हीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाने विमानातील तोफचींना उडत्या लक्ष्यावर नेम धरण्याचे शिक्षण देण्यासाठी मॉडेल ११ वापरले.

ब्राउनिंग यांचे निधन १९२६ साली हर्स्टलच्या कारखान्यातच झाले. १९७० च्या दशकात बहुतांश उत्पादन जपानमधील मिरोकू कंपनीकडे गेले. या दीर्घ कारकिर्दीचा एक व्यावहारिक परिणाम असा, की आज वापरात असलेल्या ऑटो-५ बंदुका वेगवेगळ्या पिढ्यांच्या आहेत आणि बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांचे खटके, कोठडीची लांबी व नळीचे पोलाद सारखे नाही. हाताळणीतील बहुतेक चुका या भेदाकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

कार्यपद्धती

ही बंदूक ‘दीर्घ प्रत्यागती’ या तत्त्वावर चालते. प्रत्यागती म्हणजे बार सुटताच शस्त्राला मागे बसणारा धक्का. बार सुटला की नळी व बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीत काडतुसाच्या लांबीहून अधिक अंतर मागे सरकतात. तेथे बोल्ट अडून राहतो आणि नळी एकटी पुढे परतते. या वेळी रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. मग मॅगझिनमधून आलेले नवे काडतूस उचलले जाते आणि बोल्ट पुढे येऊन ते कोठडीत बसवतो. हे सर्व निमिषार्धात घडते. संपूर्ण नळी मागेपुढे होत असल्याने नवख्याला एका बाराला दोन धक्के बसल्यासारखे वाटते.

नळी परत पुढे ढकलणारी स्प्रिंग लाकडी पुढच्या पकडीच्या आत, मॅगझिनच्या नळकांड्याभोवती असते. तिच्या जोडीला ब्राँझची एक घर्षणकडी व एका बाजूस उतार असलेले पोलादी कडे असते. नळी मागे येऊ लागली की ही कडी नळकांड्याला आवळते व वेग कमी करते. मोटारीच्या ब्रेकसारखेच हे काम आहे.

सुरक्षित हाताळणी

दुनळी बंदूक मधोमध मोडली की दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो आणि ती रिकामी असल्याची खात्री शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पटते. ऑटो-५ मध्ये अशी सोय नाही. बार काढल्यानंतर ती स्वतःच पुन्हा भरली जाते, त्यामुळे बार झाला म्हणजे बंदूक मोकळी झाली हा जुन्या एकनळी बंदुकीवरून बांधलेला अंदाज येथे घातक ठरतो. शेवटचे काडतूस उडाल्यावर बोल्ट मागे अडून राहतो. तो पुढे आलेला असेल, तर कोठडी भरलेली आहे असेच धरून चालावे.

बोल्ट मागे अडलेला आहे, एवढ्यावरूनही बंदूक रिकामी आहे असे मात्र म्हणता येत नाही. रिसीव्हरच्या डाव्या बाजूस एक लहान पट्टी असते. ती फिरवली की मॅगझिनमधून काडतूस येणे थांबते. शिकाऱ्याला कोठडीतील काडतूस बदलून वेगळ्या छर्ऱ्यांचे घालता यावे, यासाठी ती सोय आहे. ही पट्टी बंद असताना बोल्ट ओढला, तर कोठडीतील काडतूस बाहेर पडते, बोल्ट मागे अडतो, कोठडी मोकळी दिसते. आणि मॅगझिनमध्ये चार काडतुसे तशीच राहतात. घरी आणलेल्या ‘रिकाम्या’ बंदुकीतून बार सुटण्याला असे प्रसंग कारणीभूत होऊ शकतात.

दुसरा सापळा याच्या उलट आहे. १९५० च्या दशकापासूनच्या बंदुकांत बोल्ट मागे अडलेला असताना मॅगझिनमध्ये पहिले काडतूस खालून सरकवले, की ते तेथे न थांबता थेट उचलले जाऊन कोठडीत बसते. त्यापूर्वीच्या बंदुकांत तसे होत नाही. जुन्या बंदुकीची सवय असलेला माणूस नव्या बंदुकीत ‘मॅगझिनमध्ये फक्त एक ठेवतो’ असे म्हणत काडतूस सरकवतो आणि त्याच्या नकळत बंदूक बार काढण्यास सज्ज होते. बोल्टही जोराने मिटतो, त्यात अंगठा सापडण्याचा संभव असतो.

रिकामी करण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. नळीचे तोंड निर्धोक दिशेला धरावे, बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवावे आणि सुरक्षा-खटका लावावा. मॅगझिनची पट्टी उघडी असल्याचे पाहावे. मग बोल्टची मूठ ओढून सोडावी व बोल्ट आपोआप मागे अडेपर्यंत ही क्रिया करत राहावी. या रीतीत प्रत्येक काडतूस क्षणभर कोठडीत जाऊन बाहेर पडते. म्हणून तोंडाच्या दिशेबाबतची दक्षता शेवटपर्यंत सुटता कामा नये. बोल्ट अडल्यावर कोठडीत नजर टाकून शिवाय बोटानेही चाचपावे, कारण अंधुक उजेडात डोळा फसतो. मॅगझिनच्या तोंडाशी काडतुसाचे पितळी बूड न दिसता आतील धातूची टोपी दिसली पाहिजे. बाहेर पडलेली काडतुसे मोजून घेणे ही आणखी एक चांगली सवय होय.

सुरक्षा-खटक्याविषयीही पिढ्यांचा भेद आहे. जुन्या बंदुकांत तो चापाच्या कड्याच्या आत, पुढच्या बाजूस असे. तो सरकवण्यासाठी बोट चापाला लागूनच न्यावे लागे. नंतरच्या बंदुकांत चापाच्या मागे आडवा दाबखटका आला. दोन्ही प्रकारांत खटका केवळ चाप अडवतो, आघातकाला धरून ठेवत नाही. बंदूक पडली किंवा आतला भाग झिजलेला असला, तर खटका लावलेला असूनही बार सुटू शकतो. कुंपण ओलांडताना, नावेत चढताना किंवा वाहनात बसताना बंदूक पूर्ण रिकामी करण्याचा दंडक यासाठीच आहे.

चाप दाबूनही बार झाला नाही, तर बोल्ट लगेच उघडू नये. दारू उशिरा पेट घेण्याचा संभव असल्याने निदान अर्धा मिनिट तोंड निर्धोक दिशेला धरून थांबावे. बाराचा आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर त्याहून अधिक सावध व्हावे. काडतुसातील दट्ट्या नळीत अडकलेला असू शकतो. अशा वेळी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहिल्याशिवाय पुढचा बार काढल्यास नळी फुटते. चिखलात वा बर्फात तोंड टेकले गेले असल्यासही हाच नियम लागू होतो.

काडतुसांची निवड

छर्ऱ्याच्या बंदुकीचा व्यास ‘बोअर’ किंवा ‘गेज’ या एककात सांगतात. नळीत बसणाऱ्या एका पौंडाच्या जितक्या शिशाच्या गोळ्या होतील तितका तो आकडा असतो. म्हणून आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. ऑटो-५ ही बारा, सोळा व वीस बोअरमध्ये बनली. बारा बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर, तर वीस बोअरची सुमारे १५.६ मिलिमीटर असते. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेले, तर ते कोठडीतून पुढे घसरून नळीत अडकते. कोठडी मोकळी दिसते, म्हणून त्यामागे बाराचे काडतूस भरले जाते आणि तो बार नळी फाडतो. हा अपघात टाळण्यासाठी वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याचा प्रघात पडला आहे. दोन बोअरची काडतुसे एकाच पिशवीत वा खिशात ठेवू नयेत.

काडतुसाची लांबी हा कमी ठाऊक असलेला मुद्दा होय. सोळा बोअरच्या कित्येक जुन्या ऑटो-५ बंदुकांची कोठडी ६५ मिलिमीटरची आहे. आज सर्वत्र मिळणारे काडतूस ७० मिलिमीटरचे असते. हे माप बार झाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाचे असल्याने न उडालेले लांब काडतूस आखूड कोठडीत विनासायास बसते. ते बसले म्हणजे चालते, असे नाही. बार होताना त्याचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि रिकामे काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीत अडकते. कोठडीची लांबी नळीवर कोरलेली असते. संशय असल्यास जाणकार कारागिराकडून मोजून घ्यावी.

अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद झाले आणि पोलादी छर्रे आले. पोलाद शिशासारखे दबत नाही. जुन्या बेल्जियन नळ्यांचे तोंड छर्रे एकत्र राहावेत म्हणून निमुळते केलेले असते, आणि तेथे पोलादी छर्ऱ्यांमुळे नळी फुगू शकते. त्या नळ्यांत ते वापरू नयेत, असा उत्पादकाचाच इशारा आहे.

घर्षणकडीची मांडणी

बारा बोअरच्या नेहमीच्या बंदुकीत जड काडतुसांसाठी प्रथम स्प्रिंग, तिच्यावर उताराची बाजू पुढे केलेले पोलादी कडे आणि त्यात बसणारी ब्राँझची घर्षणकडी असा क्रम असतो. हलक्या काडतुसांसाठी पोलादी कडे काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला लागून ठेवतात. मग घर्षण कमी होते व नळी पुरेशी मागे येते. मॅग्नम नमुन्यातील मांडणी वेगळी आहे. हलक्या मांडणीत जड काडतुसे उडवली, तर बंदूक त्या दिवशी सुरळीत चालते आणि त्यामुळेच चूक लक्षात येत नाही. नळी मात्र प्रत्येक बाराला मागे आदळत राहते. पुढच्या लाकडी पकडीला उभी चीर जाते, रिसीव्हरच्या आतील धक्का झेलणारा तंतुमय तुकडा चेचला जातो आणि शेवटी पोलादावर पोलाद आपटू लागते. जुन्या बाजारात मिळणाऱ्या ऑटो-५ बंदुकांत चिरलेली पुढची पकड हा सर्वाधिक आढळणारा दोष आहे. खरेदीपूर्वी ती काढून आतील मांडणी तपासणे इष्ट.

निगा

बंदूक उघडण्यापूर्वी ती रिकामी असल्याची वरीलप्रमाणे खात्री करावी व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. बोल्ट मागे अडकवून, नळी किंचित मागे दाबून स्प्रिंगचा ताण कमी करावा आणि मॅगझिनची टोपी फिरवून काढावी. पुढची पकड व नळी सुटी होते. नळी काढलेली असताना बोल्ट मोकळा सोडू नये. तो अडवायला काही नसल्याने जोराने पुढे आदळतो.

नळीत कोठडीच्या बाजूने ब्रश फिरवून दारूची व प्लास्टिकची काजळी काढावी, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाचा हलका हात द्यावा. कोठडीतील तेल मात्र बार काढण्यापूर्वी पुसले पाहिजे. मॅगझिनच्या नळकांड्याला भरपूर तेल पाजणे ही हौशी मालकांची आवडती चूक आहे. घर्षणकडीचे कामच मुळी घर्षणाचे. तेलाने निथळणाऱ्या नळकांड्यावर ती घसरते आणि परिणाम चुकीच्या मांडणीसारखाच होतो. तेलाची चिंधी फिरवून पुन्हा कोरड्या कापडाने पुसावे, एवढे पुरते.

दस्त्याच्या आत बोल्ट पुढे ढकलणारी दुसरी स्प्रिंग असते. ती दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षे साफ होत नाही. तेल तेथे चिकट होऊन बसते, बोल्ट अर्धवट मिटतो आणि दोष काडतुसांना दिला जातो. तिच्यासाठी दस्ता उतरवावा लागतो. ते काम कारागिरावर सोपवणे बरे, कारण या बंदुकीचे स्क्रू अगदी चपखल बसवलेले असून साध्या पेचकसाने त्यांच्या खाचा फाटतात.

सफाईचे द्रावण ज्वालाग्राही असते व काजळीत शिशाचा अंश असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. चामड्याच्या म्यानात बंदूक दीर्घकाळ ठेवू नये. चामडे ओल धरते व पोलादावर गंजाचे डाग पडतात. कोरड्या, कुलूपबंद कपाटात ती रिकामी ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात. कपाटात तोंड खाली करून ठेवल्यास रिसीव्हरमधील तेल दस्त्याच्या लाकडात झिरपून ते कुजत नाही.

भारतातील स्थिती

भारतात बंदूक बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो, आणि अर्धस्वयंचलित शस्त्रांवरील निर्बंध साध्या एकनळी वा दुनळी बंदुकीपेक्षा कडक आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीसाठी या बंदुकीचा उपयोग भारतात उरलेला नाही. वारशाने आलेली जुनी बंदूक घरात सापडल्यास ती उघडून पाहण्याच्या फंदात न पडता, तोंड निर्धोक दिशेला ठेवून तशीच राहू द्यावी व जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे.