निकाल आणि चाकू यांच्या मधले दिवस

तपासणीचा कागद हाती येतो, तेव्हा तो घरात सर्वांत आधी कोण वाचतो? बहुधा ज्याच्या शरीराबद्दल तो लिहिलेला असतो, तो माणूस नव्हे. थोरला मुलगा वाचतो, जावई वाचतो, नवरा वाचतो. मग डॉक्टरांच्या खोलीबाहेर कुजबुज होते, “आईला एवढ्यात काही सांगू नका हं!” हेतू चांगलाच असतो. पण या निकालाच्या आणि शस्त्रक्रियेच्या मधल्या दिवसांना मोठा इतिहास आहे. हे दिवस कोणाचे, रोग्याचे की इतरांचे, यावर जगात बरेच वादही झाले आहेत. तो इतिहास थोडक्यात सांगावा, असा माझा विचार आहे.

प्रथम आपण १८११ सालच्या पॅरिस शहरात जाऊ. तेथे फॅनी बर्नी नावाची एक इंग्रज लेखिका राहत होती. वय वर्षे ५९. ‘एव्हलिना’ या तिच्या १७७८ सालच्या कादंबरीने इंग्लंडात तिचे नाव गाजले होते. पुढे ती राणी शार्लटच्या पदरी नोकरीस होती. द’आर्ब्ले नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी तिने लग्न केले, आणि नेपोलियनच्या लढायांमुळे नवऱ्याच्या देशातच अडकून पडली. १८१० मध्ये तिच्या उजव्या स्तनात दुखू लागले. गाठ लागली. डॉक्टर जमले, आणि तेही साधेसुधे नव्हते. लारे हा नेपोलियनच्या सैन्याचा नामांकित शस्त्रवैद्य, तर द्युबोआ हा बादशहाच्या राणीचे बाळंतपण केलेला.

आता लक्षात घ्या, की त्या काळी क्ष-किरण नव्हते, आणि गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीतही नव्हती. निदान व्हायचे ते वैद्याच्या बोटांनी आणि अनुभवाने. म्हणून बर्नीबाईंना झालेला रोग खरोखर कर्करोगच होता की नव्हता, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण निकाल लागला तो कर्करोगाचा. आणि तो बाईंना कळला कसा? डॉक्टर नवऱ्याशी बोलले, नवरा परत खोलीत आला, आणि बाईंनी त्याच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखले! दोनशे वर्षे उलटली, देश निराळा, भाषा निराळी; पण हा प्रसंग आपल्यापैकी कित्येकांनी आपल्याच घरात पाहिला असेल.

पुढची हकीकत मात्र आपल्याला कल्पनेतही पेलणार नाही. भूल देण्याची विद्या तेव्हा युरोपात नव्हती. द्युबोआने बाईंना स्पष्ट सांगितले, की तुम्हांला फार सोसावे लागेल, मी तुम्हांला फसवणार नाही. दुसऱ्या एका डॉक्टराने बजावले, की रडू आवरून धरू नका, मोकळेपणी ओरडा. आणि शस्त्रक्रियेचा दिवस? तो मात्र बाईंना सांगायचा नाही, असे ठरले! रोग्याने आधीपासून धास्ती घेऊ नये, हे कारण. बाईंनी हट्ट धरला, तेव्हा काही तास आधी कळवण्याचे वचन मिळाले, एवढेच.

३० सप्टेंबर १८११ रोजी सकाळी चिठ्ठी आली, की आज दहा वाजता येतो. बाईंनी पहिले काम काय केले असेल? नवऱ्याला हे पाहावे लागू नये म्हणून निमित्त काढून त्याला घराबाहेर राहण्याची व्यवस्था केली. म्हणजे ज्याने त्यांच्यापासून लपवले होते, त्याच्यापासून आता त्यांनी लपवले. मग निरोप आला, की द्युबोआ एक वाजल्याशिवाय येऊ शकत नाही. एकाचे तीन वाजले. बाई दिवाणखान्यात गेल्या, तो तेथे पट्ट्या, स्पंज, कापसाचे बोळे यांचा ढीग! त्या मागे फिरल्या, पुन्हा गेल्या. जे थोड्या वेळात भोगायचे आहे, ते स्वतःपासून किती वेळ दडवणार? येरझारा घालत घालत त्यांनी मन बधिर करून घेतले. आपले काही बरेवाईट झाले तर, म्हणून नवऱ्याला आणि मुलाला चार शब्द लिहून ठेवले.

तीनच्या सुमारास काळ्या पोशाखातले सात पुरुष खोलीत शिरले. पलंग मधोमध ओढला गेला. बायकांना बाहेर जाण्याचा हुकूम झाला, त्यावर बाई भांडल्या. मोलकरीण आणि एक परिचारिका पळून गेल्या. एक परिचारिका तेवढी थांबली. बाईंच्या तोंडावर मलमली रुमाल टाकला, पण तो इतका तलम होता, की त्यातून सारे दिसत होते. द्युबोआने हवेत बोटाने आधी एक फुली काढली आणि मग एक वर्तुळ. बाई समजल्या, की सबंध स्तन काढणार. कोणाला विचारून? हा प्रश्न त्या खोलीत कोणी काढला नाही.

वीस मिनिटे शस्त्रक्रिया चालली. बाई दोनदा बेशुद्ध झाल्या. त्या पुढे जवळजवळ तीस वर्षे जगल्या आणि १८४० साली, वयाच्या ८७ व्या वर्षी वारल्या. पण या प्रकाराबद्दल त्यांना कित्येक महिने बोलवत नव्हते. १८१२ साली त्यांनी आपल्या बहिणीला, एस्थरला, लांबलचक पत्र लिहिले. तेही महिना महिना थांबत. तेच पत्र आज वैद्यकाच्या इतिहासातला एक अनमोल पुरावा ठरले आहे. शस्त्रवैद्यांनी लिहिलेली टिपणे पुष्कळ मिळतात. पण टेबलावरच्या माणसाने, तेही इतक्या कसलेल्या लेखणीने लिहिलेले असे फार थोडे.

गंमत म्हणा, की दैवाचा खेळ म्हणा, याच्या सातच वर्षे आधी, १३ ऑक्टोबर १८०४ रोजी, जपानातल्या एका खेड्यात हानाओका सेइशू नावाच्या वैद्याने साठ वर्षांच्या एका बाईची स्तनातली कर्करोगाची गाठ काढली होती, आणि ती संपूर्ण भुलीखाली! त्याचा काढा होता धोतरा, बचनाग आणि इतर काही वनस्पतींचा. आपल्या उकिरड्यावर उगवतो त्याच धोतऱ्याचा भाऊबंद, बरं का. बाईला दम्याचा आणि बेरीबेरीचा त्रास होता. तो आधी आटोक्यात आणून मगच त्याने शस्त्र हाती घेतले. पण जपानचे दरवाजे तेव्हा जगाला बंद होते, आणि हानाओका शिष्यांकडून गुप्ततेची शपथ घेववी. पॅरिसला याची वार्ताही नव्हती.

युरोप-अमेरिकेत भूल आली ती १८४६ साली, बॉस्टनमध्ये, ईथरच्या रूपाने. वेदना गेली, हे मोठेच उपकार. पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिच्याकडे फार दिवस कोणाचे लक्ष नव्हते. निजलेल्या माणसाला मत नसते! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या हॅल्स्टेडने स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढण्याची मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. विसाव्या शतकात अमेरिकेत पद्धत पडली ती अशी : बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढायचा, तो गोठवून तेथल्या तेथे तपासायचा, आणि कर्करोग निघाला तर ती निजलेली असतानाच सबंध स्तन काढून टाकायचा. बाई निजताना तिला माहीत नसे, की जागी होऊ तेव्हा काय गेलेले असेल. निकाल आणि चाकू यांच्यामध्ये एक दिवसही उरला नाही. बर्नीबाईंच्या वाट्याला निदान काही तास तरी आले होते.

हे दिवस परत मिळवले ते बायकांनी. रोझ कुश्नर ही अमेरिकन बातमीदार. १९७४ साली तिला स्तनात गाठ लागली. तिचे म्हणणे साधे होते : आधी तुकडा तपासा, मला शुद्धीवर येऊ द्या, निकाल मला सांगा, मग काय करायचे ते आपण ठरवू. एवढे मान्य करणारा शस्त्रवैद्य मिळवताना तिला नाकी नऊ आले. पुढे १९७९ साली तिच्या देशातल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांचे मंडळ बसवले, त्यात ती होती. तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात, असा कौल त्या मंडळाने दिला. मधे काही दिवस गेले तर बिघडत नाही, उलट विचाराला अवकाश मिळतो, असे ठरले. पुष्कळ जणींच्या बाबतीत सबंध स्तन न काढता गाठ काढून किरणोपचार दिले, तरी आयुष्य तेवढेच लाभते, हेही पुढच्या मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले. निवडायला काही असेल, तरच मधल्या दिवसांना अर्थ!

त्याच सुमारास शरीर न कापता आत पाहण्याची विद्याही पुढे गेली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड या इंजिनियरच्या यंत्राने, म्हणजे आपण ज्याला सीटी स्कॅन म्हणतो त्याने, एका बाईच्या मेंदूतली गाठ दाखवली. एका छेदासाठी १८० कोनांतून २८,८०० मोजमापे घ्यायची, आणि त्यांचे गणित करून चित्र काढायचे. गणकयंत्र यंत्राशेजारी नव्हते. माहितीची फीत दुसरीकडे पाठवून चित्र आणावे लागले. तेव्हा स्कॅनच्या निकालाची वाट पाहणे त्या यंत्राइतकेच जुने आहे!

आपल्याकडे मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. आज तेथे आणि इतरत्रही निकालानंतरचे दिवस कामाचे असतात. तंबाखू-विडी बंद करायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायचे, मनाने बंद करायच्या नाहीत. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणायचा. नळीतून श्वास ओढून तीन चेंडू वर चढवायचा तो व्यायाम आधीपासून करायचा, म्हणजे नंतर छातीत कफ साठत नाही. सांगितलेल्या वेळेपासून खाणेपिणे बंद. बांगड्या, कवळी काढून ठेवायची. आणि विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यायचे, कारण डॉक्टरांसमोर निम्मे विसरतात.

आणि एक गोष्ट, जी घरच्या मंडळींना मुद्दाम सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी काढली. तिची अगदी पहिली बाब भूल देण्यापूर्वीची आहे. रोगी जागा असताना त्याच्याच तोंडून खात्री करून घ्यायची : तुमचे नाव काय, कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या जागी, आणि तुमची संमती आहे ना? आपण आईपासून सारे लपवून तिला त्या दारापर्यंत नेले असेल, तर आत गेल्यावर परिचारिका हेच विचारणार आहे, आणि त्या वेळी उत्तर द्यायला आपण शेजारी नसतो.