वरच्या मजल्यावरचे छायाचित्रकार

'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' हे नाव निघाले की रसिकांच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील पहाट उभी राहते. जवाहिऱ्याच्या दुकानाच्या काचेसमोर काळ्या झग्यातील ऑड्री हेपबर्न आणि मागे हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत. ब्लेक एडवर्ड्स यांचा हा चित्रपट १९६१ साली आला. त्याच्या पार्श्वसंगीतास व गीतास ऑस्कर मिळाले, आणि प्रणयप्रधान विनोदी चित्रपटांत त्याचे स्थान अढळ झाले. आमचेही त्यावर प्रेम आहे. म्हणूनच त्यातील ज्या एका पात्रास आम्ही प्रथमदर्शनी हसलो, त्याची हकीकत सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

हे पात्र म्हणजे नायिका हॉली गोलाइटली हिच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारे श्रीयुत युनिओशी. किल्ली हरवलेली हॉली रात्रीअपरात्री त्यांची घंटा वाजवते आणि ते संतापून ओरडतात. चित्रपटात ही भूमिका मिकी रूनी या गोऱ्या नटाने केली आहे. पुढे आलेले खोटे दात, चेहऱ्याची रंगभूषा, वेडेवाकडे उच्चार आणि धडपडणे, एवढेच त्या पात्राचे भांडवल.

ट्रूमन कपोटी यांची मूळ लघुकादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. त्या घंटेची गंमत तिच्यातही आहे. परंतु तेथील युनिओशी सचित्र मासिकासाठी काम करणारे छायाचित्रकार आहेत. किंबहुना त्यांच्यामुळेच कथेस प्रारंभ होतो. १९५६ साली आफ्रिकेतील एका खेड्यात त्यांना लाकडात कोरलेले एक स्त्रीमुख आढळते. ते हुबेहूब हॉलीचे असते. त्याची छायाचित्रे ते न्यूयॉर्कला आणतात आणि तेथून निवेदकाच्या आठवणींचा धागा उलगडू लागतो. आरंभीच मद्यालयाचा मालक जो बेल त्यांचा उल्लेख जपानी गृहस्थ म्हणून करतो, तेव्हा निवेदक त्याची चूक दुरुस्त करतो: ते कॅलिफोर्नियाचे.

ही दुरुस्ती साधी नाही. कादंबरीतील मुख्य घटना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या आहेत. हॉलीचा भाऊ फ्रेड सैन्यात असतो आणि युद्धातच मरतो. त्याच काळात, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशान्वये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांची संख्या सुमारे १,२०,००० होती आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. म्हणजे युद्धाच्या ऐन भरात 'कॅलिफोर्नियाचा जपानी चेहऱ्याचा माणूस' न्यूयॉर्कच्या एका इमारतीत शांतपणे आपला व्यवसाय करीत आहे. कपोटी यावर भाष्य करीत नाहीत. परंतु त्या माणसाचा प्रांत कोणता, हे निवेदकाकडून वदवून घेतात.

चित्रपटाने कथेचा काळ उचलून आपल्या वर्तमानात आणला. पटकथाकार जॉर्ज ॲक्सलरॉड यांच्यापुढे अडचणीही होत्या. चित्रपट-नीतीचे नियम तेव्हा लागू होते. हॉलीचा चरितार्थ सूचकतेनेच दाखवावा लागणार होता. कादंबरीतला अनामिक निवेदक प्रियकर झाला. देश सोडून कायमची निघून जाणारी हॉली पावसात मांजर शोधून त्याच्या मिठीत आली. प्रेमकथेस हे बदल मानवले, असे म्हणता येईल. मात्र युद्ध वगळताच युनिओशींच्या मागची इतिहासाची छाया नाहीशी झाली आणि त्या रिकाम्या जागी आले ते पुढे आलेले दात. हे दात तर युद्धकाळातील प्रचारचित्रांनी घराघरांत पोहोचविलेले! कथेतून काढून टाकलेले युद्ध असे विदूषकाच्या वेशात परत आले.

छावण्या बंद होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. तेथून परतलेली माणसे याच अमेरिकेत राहत होती, तिकीट काढून चित्रपटही पाहत होती. अमेरिकन सरकारने कायदा करून त्यांची क्षमा मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर देऊ केले, ते १९८८ साली. पुढे १९९३ साली ब्रूस ली यांच्या जीवनावरील चित्रपटात एक प्रसंग आला: चित्रपटगृहात 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' चालू आहे, युनिओशींवर सारे हसत आहेत आणि ब्रूसचा चेहरा मात्र उतरला आहे. शेजारी बसलेल्या लिंडाचे हसू हळूहळू मावळते आणि ती त्याला घेऊन बाहेर पडते. एडवर्ड्स यांनीही पुढे या निवडीबद्दल खेद व्यक्त केला.

मग हा चित्रपट पाहूच नये काय? आम्हांस तसे वाटत नाही. कापछाट करून तो निर्दोषही होणार नाही. उलट पुरावाच नष्ट होईल. कादंबरीही सोवळी नव्हे, तिच्यातील माणसांच्या तोंडी वंशद्वेषाचे शब्द आहेतच. तरीही तिने एका माणसाला त्याचे गाव दिले, व्यवसाय दिला, गोष्ट पुढे नेण्याचे काम दिले. चित्रपटाने त्यांतील बरेच काही काढून घेतले आणि आम्ही हसलो. अलीकडे आम्ही तो पुन्हा पाहिला. वरच्या मजल्यावरची घंटा वाजली, तेव्हा आम्हांस आठवला तो हाती कॅमेरा घेऊन आफ्रिकेतील त्या लाकडी मुखासमोर थबकलेला कॅलिफोर्नियाचा गृहस्थ. पडद्यावर तो कोठेच नव्हता.