दोन गिरण्या आणि एक रविवार

मागे जो घर्र घर्र आवाज येतोय ना, ते माझं वॉशिंग मशीन आहे. एपिसोड रेकॉर्ड करताना ते बंद ठेवायचं असतं हे मला कळतं, पण आज रविवार आहे, आठवड्याचे कपडे साठलेत आणि पाणी अकराला जातं. त्यामुळे आज सांभाळून घ्या. आणि खरं सांगायचं तर आजच्या विषयाला हा आवाज चालतोय.

तुमच्यापैकी बरेच जण मेसेज करता की आम्ही तुझा पॉडकास्ट भांडी घासताना ऐकतो, फरशी पुसताना ऐकतो. मीपण तेच करतो. रविवारची माझी एक प्लेलिस्ट आहे, कानात इअरबड्स, हातात झाडू. गाणी ऐकणं हा माझा एकमेव छंद, आणि त्याला वेळ मिळतो तो घरकामाच्या वेळीच. मला वाटायचं ही आपल्या पिढीची सोय आहे, काम आणि गाणं एकत्र. मग दिवाळीत आजी राहायला आली. माझ्या कानातलं ते पांढरं बघून म्हणाली, "काम करताना गाणं तू म्हणत न्हाईस, दुसरंच कुणी म्हणतंय व्हय?"

तिथून हा एपिसोड सुरू झाला.

आधी रविवारकडे येऊ. आपण आयटीवाले शनिवार-रविवार दोन्ही धरून चालतो, जणू ते निसर्गानेच दिलेत. पण मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये 1890 च्या आधी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. गिरणी साधारण सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालायची. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे काम मोठं. 1881 चा फॅक्टरी कायदा होता, पण तो मुलांच्या कामाच्या तासांपुरता. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काही नव्हतं.

ही सुट्टी मागितली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे हे जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधू' वर्तमानपत्राचे संपादक. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साधारण 5,500 कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारकडे दिलं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर पोटात कालवतं, इतक्या साध्या आहेत. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळावा. बस. लगेच काही झालं नाही. सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला मुंबईत मोठी सभा भरली, दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियासुद्धा बोलल्या. शेवटी 10 जून 1890 ला गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो आमच्या लोकांना हवा, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केला होता असं सांगतात. मला ते फार आवडतं. आपण म्हणतो रविवार इंग्रजांचा, चर्चचा. आपल्याकडे तो मागताना जेजुरी आठवली.

मी हे सगळं मोठ्या उत्साहानं आजीला सांगितलं. आजोबा कारखान्यात होते, त्यांचा रविवार या माणसामुळे आला वगैरे. आजी पोळ्या लाटत होती. म्हणाली, "त्यांचा आला. माझा कुठं आला?"

आता या वाक्यावर मी काय बोलणार होतो? कारण मला माझ्या लहानपणीचे रविवार आठवले. बाबांचा रविवार म्हणजे टेपरेकॉर्डर. कॅसेट लावायची, पेपर पसरायचा, दुसरा चहा मागवायचा. आईचा रविवार म्हणजे इतर दिवसांपेक्षा जास्त काम. सगळे घरात, नाश्ता वेगळा, मटण, डोक्यावरून अंघोळी, गाद्या उन्हात टाकणं. गाणी तीच, ती ऐकू यायची पण स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या मधून. बाबा वाईट माणूस नाहीत हं, आत्ता हे ऐकत असतील तर. पण घरात सगळ्यात जास्त गाणी कोणी ऐकली विचारलं तर आम्ही सगळे बाबांचं नाव घेतो, आणि सगळ्या गाण्यांचे शब्द पाठ मात्र आईला आहेत.

तर दुसरी गिरणी. मराठीत गंमत बघा, कापडाची गिरणीपण गिरणी आणि पिठाचीपण गिरणी. पहिल्या गिरणीत रविवार मिळाला. दुसऱ्या गिरणीनं काय केलं हे समजायला आधी जात्यापाशी जावं लागतं.

आजी मावळातली. दहाव्या-अकराव्या वर्षापासून पहाटे चारला उठून दळायची. जातं म्हणजे दोन दगडी तळ्या, वरच्या तळीला लाकडी खुंटा. एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हातानं मूठ मूठ धान्य मधल्या तोंडात टाकायचं. त्याला घास घालणं म्हणतात. दोघी समोरासमोर बसल्या तर दोघींचे हात एकाच खुंट्यावर. दगड गुळगुळीत झाला की टाकवून घ्यायचा, म्हणजे छिन्नीनं परत खरबरीत करायचा. आख्ख्या घराला लागणारं पीठ रोज असं निघायचं. आणि या सगळ्या वेळात बायका ओव्या म्हणायच्या. जात्यावरची ओवी बहुतेक दोन ओळींची, पण फेऱ्याबरोबर ती ओढत, वळवत, परत म्हणत लांबवायची. विषय काय? माहेर, भाऊ, पंढरपूर, सासूचा जाच, सीतेचा वनवास. पुढे बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही कितीतरी ओव्या आल्या. ज्यांना दिवसभर घरात तोंड उघडायची सोय नव्हती त्या पहाटे अंधारात हे सगळं मोठ्यानं म्हणायच्या. ऐकायला होतं कोण? समोरची बाई आणि झोपेचं सोंग घेतलेलं घर.

मग गावात पिठाची गिरणी आली, डिझेल इंजिनवर चालणारी. अर्ध्या तासात आठवड्याचं दळण. हळूहळू पहाटेचं जातं बंद पडलं आणि त्याबरोबर ओव्यापण.

इथे साधारणपणे सांगणारे लोक हळवे होतात. मीपण झालो. आजीला म्हटलं, किती वाईट ना, गिरणी आली आणि गाणं गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गिरण आली तवा आमी नारळ फोडला. खांदं सुटलं आमचं. तुला एवढं वाईट वाटतंय तर तू दळ." मी गप्प. कारण मी आठवड्यातून एकदा मशीनमध्ये कपडे टाकून दमतो.

म्हणजे हिशोब असा सरळ नाही. काम कमी झालं हे चांगलंच झालं. पण त्या कामात लपलेली जी एक जागा होती, स्वतःचं म्हणायची, ती कामाबरोबर गेली. तिच्या बदल्यात काय मिळालं? रेडिओ.

मुंबईतून नियमित प्रक्षेपण 1927 मध्ये सुरू झालं, पुण्याचं केंद्र 1953 मध्ये. आणि पुणे केंद्रावर 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, वर्षभर दर आठवड्याला एक नवीन गाणं, एकूण 56. आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट वेळापत्रकात आहे. नवीन गाणं शुक्रवारी सकाळी पावणेनऊला लागायचं, आणि तेच परत शनिवारी आणि रविवारी सकाळी. पावणेनऊ ते नऊ. आता विचार करा, ही घरातली कुठली वेळ आहे? शुक्रवारी डबे, शाळा, ऑफिस. रविवारी मात्र सगळे घरात, सेटभोवती. रेडिओ तेव्हा महाग, आणि त्यासाठी दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागायचे, त्यामुळे शेजारचेपण येऊन बसायचे. लोक रेडिओला हार घालायचे असं सांगतात. पेपरात त्या आठवड्याच्या गाण्याचे शब्द छापून यायचे, ते कापून ठेवायचे. आज आपण लिरिक्स शोधतो तेच, फक्त कात्रीनं.

आजीनं गीतरामायण तेव्हा ऐकलं नाही. गावात रेडिओच नव्हता. ते ऐकलं पुढे, लग्नानंतर आजोबांच्या नोकरीमुळे पिंपरीकडे राहायला आल्यावर, सेकंडहँड ट्रान्झिस्टरवर. तिला सीता आधी जात्यावर भेटली होती, रेडिओवर नंतर.

मधल्या काळात दिल्लीतून एक वेगळंच नाट्य चालू होतं. ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आख्खा एपिसोड होईल. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, दर बुधवारी रात्री. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावी लागली. घरात काय वाजावं हे मंत्र्यांनी ठरवलं आणि घरांनी ते ऐकलं नाही, एवढंच आपल्याला पुरे.

ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ बैठकीतून स्वयंपाकघरात जाऊ शकला, ही माझ्या मते खरी क्रांती. मोठा सेट कुठे ठेवायचा आणि कधी लावायचा हे पुरुष ठरवायचे. छोटा ट्रान्झिस्टर फळीवर, डब्यांच्या शेजारी, पिठाच्या हातानं चालू करता यायचा. आजीच्या ट्रान्झिस्टरच्या बटणावर कणीक कायमची चिकटलेली होती. 'आपली आवड'ला ती काम सोडून बसायची नाही, पण काम हळू करायची. हे तिनंच सांगितलं, जरा लाजत, जणू चोरीच केली.

आता मुद्द्याची गोष्ट. मी ठरवलं आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. मी हे तीन वर्षांपासून "करू या" म्हणतोय, आणि माझ्या टू-डू लिस्टमध्ये ते "फॅन पुसणे"च्या खाली आहे. बहिणाबाई चौधरींचं आपल्याला माहीतच आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं, घर-शेताच्या कामात रचलेली गाणी सोपानदेवांनी आणि मावसभावानं कागदावर टिपली, म्हणून ती त्यांच्या मागे, 1952 मध्ये, पुस्तकात आली. टिपली नसती तर? आमच्या घरात सोपानदेवांच्या जागी मी आहे, आणि मी फॅनसुद्धा पुसलेला नाही.

तर माइक लावला. माझा चांगला माइक, पॉडकास्टवाला. पंखा बंद, खिडकी बंद. आजी पलंगावर ताठ बसली. आणि काहीच नाही. दोन शब्द म्हणून थांबली. परत सुरू केलं, परत थांबली. मला वाटलं विसरली. ती म्हणाली, "इसरले न्हाई. हात रिकामा हाय ना. हात रिकामा असल्यावर वव्या येत न्हाईत."

मग मी एक उद्योग केला. जात्यावरच्या ओव्यांचा एक प्रचंड संग्रह आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून ऐंशीच्या दशकात हे काम सुरू केलं. त्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल नावाचे कॉम्प्युटरवाले त्यात आले आणि शंभर तासांहून जास्त आवाज रेकॉर्ड झाला. (एक लाख नोंदींचा मराठी डेटाबेस, तोही नव्वदच्या दशकात सुरू केलेला, युनिकोडच्या आधीचे फॉण्ट! मला त्या लोकांच्या पाया पडावंसं वाटतं.) हे सगळं आता पी. साईनाथ यांच्या 'पारी'च्या साइटवर आहे, फोनवर ऐकता येतं.

आजीचं गाव मी शोधलं. नव्हतं. पण मावळ-मुळशीतल्या बऱ्याच बायका होत्या. एक ओवी लावून फोन तिच्या कानाशी धरला. तिनं डोळे मिटले. तिचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरायला लागला, उलटा नाही, सरळ, जात्याच्याच दिशेनं. अर्ध्यात म्हणाली, "आमच्यात असं न्हाई म्हनत," आणि दुरुस्त करून म्हटली. सगळी. मग त्याच्या पुढची. मग आणखी एक, भावावरची. तिचा भाऊ गेल्याला चाळीस वर्षं झाली, ती ओवी ती मधेच थांबली आणि मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही, पण काही बोललोपण नाही. एकूण अकरा ओव्या. माझ्या चांगल्या माइकवर नाही, फोनवर, मागे शेजाऱ्यांचा मिक्सर.

त्या इथे लावू का, विचारलं तिला. म्हणाली नको, घरच्या बाया हैत त्यात. सासूवरच्या आहेत तीन. त्यामुळे तुम्हाला ऐकवत नाहीये.

गावातल्या घरात अजून जातं आहे, आता फक्त लग्नात हळद दळायला काढतात. आजी म्हणाली त्याच्यासमोर बसव, मग बघ किती निघतात ते. पुढच्या रविवारी जातोय. खुंटा सैल झालाय म्हणे, पाचर ठोकावी लागेल. ते काम तिनं मला दिलंय, आणि वर बजावलंय की नुसतं ठोकून बसायचं नाही, दुसरा हात खुंट्यावर माझाच असणार.

मशीन थांबलं बघा. कपडे वाळत घालतो. भेटू.