सॉफ्टवेअर चाचणी साधनांतील नामकरण

सॉफ्टवेअर चाचणी साधनांतील नामकरण म्हणजे संगणकीय आज्ञावली तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांमधील आज्ञा, खुणा आणि सुविधा यांना नावे देण्याची पद्धत होय. नावाचे महत्त्व सर्वच आज्ञावल्यांमध्ये असते. चाचणी साधनात मात्र त्याला वेगळे वजन आहे. इतरत्र नावामुळे गैरसमज झाला तर बहुधा काम अडते आणि चूक उघडकीस येते. चाचणीत गैरसमजामुळे तपासणीच न होता ‘उत्तीर्ण’ असा निकाल मिळू शकतो, आणि उत्तीर्ण झालेली चाचणी सहसा कोणी पुन्हा उघडून पाहत नाही.

पार्श्वभूमी

आजच्या बहुतेक चाचणी साधनांची परिभाषा केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी तयार केलेल्या एसयुनिट या साधनापासून आलेली आहे. १९९७ मध्ये बेक आणि एरिक गामा यांनी त्याच धर्तीवर जावा भाषेसाठी जेयुनिट तयार केले. पुढे अनेक भाषांमध्ये अशी साधने निघाली. पूर्वतयारीसाठी ‘सेटअप’, आवराआवरीसाठी ‘टेअरडाउन’ आणि पडताळणीच्या विधानासाठी ‘असर्ट’ हे शब्द त्यांच्याबरोबर सर्वत्र पोहोचले. ‘असर्ट’चा मूळ अर्थ ठामपणे सांगणे असा आहे, विधान खोटे ठरल्यास चाचणी अनुत्तीर्ण होते.

या साधनांचा मूळ विषय असलेल्या ‘युनिट टेस्ट’ला मराठीत ‘घटक चाचणी’ म्हणता येते. महाराष्ट्रातील शाळांत हीच संज्ञा अभ्यासक्रमाच्या एका भागावरील परीक्षेसाठी रूढ आहे. तेथे घटक म्हणजे पाठ्यक्रमाचा भाग, येथे आज्ञावलीचा. तपासणी लहान तुकड्याची करायची हा आशय दोन्हीकडे सारखाच आहे.

नाव आणि प्रत्यक्ष काम

नाव आणि काम यांत दोन प्रकारे अंतर पडते. नाव कामापेक्षा कमी सांगते, किंवा अधिक सांगते. दोन्हींचे परिणाम सारखे नसतात, आणि याची दोन्ही उदाहरणे पायथन भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात सापडतात.

पहिले उदाहरण ‘असर्ट काउंट इक्वल’ या पडताळणीचे. नावावरून ती दोन याद्यांतील नगांची केवळ संख्या जुळते की नाही हे पाहते, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात ती क्रम सोडून सर्व काही पाहते: दोन्ही याद्यांत तेच घटक, तितक्याच वेळा असले पाहिजेत. ‘आंबा, पेरू’ आणि ‘पेरू, आंबा’ या याद्या तिला मान्य होतात. ‘आंबा, पेरू’ आणि ‘चिकू, केळे’ या होत नाहीत, जरी दोन्हींत दोनच फळे असली तरी. पायथन २.७ मध्ये हिचे नाव ‘असर्ट आयटम्स इक्वल’ असे होते. ३.२ या आवृत्तीपासून सध्याचे नाव आले. जुने नाव अधिक नेमके होते असे म्हणावे लागते. तरीही येथे नुकसान मर्यादित आहे. वापरणाऱ्याला सैल तपासणी अपेक्षित असते आणि कडक तपासणी मिळते. चाचणी अनपेक्षितपणे अनुत्तीर्ण होते व गैरसमज त्याच दिवशी दूर होतो.

दुसरे उदाहरण याच्या उलट आणि अधिक गंभीर आहे. पायथन ३.३ पासून (२०१२) प्रमाण ग्रंथालयात ‘मॉक’ म्हणजे नकली वस्तू बनविण्याची सोय आहे. खऱ्या विदागाराच्या किंवा टपाल यंत्रणेच्या जागी अशी वस्तू ठेवतात आणि तिला कोणी, किती वेळा बोलाविले हे नंतर तपासतात. ही वस्तू कोणत्याही नावाने केलेली हाक स्वीकारते. तोच तिचा उपयोग. परंतु तपासणीच्या आज्ञाही त्याच वस्तूवर दिल्या जात असल्याने, अस्तित्वात नसलेली आज्ञासुद्धा ती मुकाट्याने स्वीकारीत असे. ‘अमुक मजकुरासह एकदाच बोलाविले’ हे पडताळणारी ‘असर्ट कॉल्ड वन्स विथ’ ही आज्ञा पहिल्यापासून होती. त्यावरून ‘असर्ट कॉल्ड वन्स’ हीदेखील असेल असे अनेकांनी गृहीत धरले. ती ३.६ या आवृत्तीपर्यंत नव्हती. जुन्या आवृत्त्यांमध्ये ती लिहिणाऱ्याची चाचणी काहीही न तपासता उत्तीर्ण होत राहिली.

३.५ या आवृत्तीत यावर उपाय करण्यात आला. ‘असर्ट’ने सुरू होणारे अनोळखी नाव आल्यास नकली वस्तू त्रुटी दाखवू लागली. विशेष म्हणजे अक्षरांची अदलाबदल झालेले एक चुकीचे स्पेलिंगही त्याच नियमात घालण्यात आले, कारण टंकलेखनातील चूकही तितकीच अदृश्य राहत होती. एक फट तरीही उरली. ‘कॉल्ड’ हा गुणधर्म खरा आहे, म्हणून ‘कॉल्ड वन्स’ही खरा वाटतो, तसे लिहिले की नकली वस्तू एक नवी नकली वस्तू परत देते आणि ती नेहमी ‘सत्य’ मानली जाते. ३.१२ या आवृत्तीपासून (२०२३) अशा नावांवरही त्रुटी येते. एका साधनाला वापरणाऱ्यांच्या अंदाजांचा असा माग काढावा लागला, यातच नामकरणाची अडचण दिसते: लोक कोश उघडून नाव शोधत नाहीत, शेजारच्या नावावरून ते ताडतात.

त्याच ३.१२ आवृत्तीत ‘फेल अनलेस’ हे बरीच वर्षे कालबाह्य ठरविलेले नाव काढून टाकण्यात आले. ‘असे नसेल तर अनुत्तीर्ण करा’ या दुहेरी नकारापेक्षा ‘हे खरे आहे’ असे सरळ विधान वाचण्यास सोपे असते.

जेयुनिटमधील नामांतर

जेयुनिट ४ मध्ये ‘बिफोर’ ही खूण प्रत्येक चाचणीपूर्वी चालणाऱ्या तयारीसाठी, तर ‘बिफोर क्लास’ ही सर्व चाचण्यांपूर्वी एकदाच चालणाऱ्या तयारीसाठी होती. ‘पूर्वी’ म्हणजे कशाच्या पूर्वी, हे पहिल्या नावातून कळत नसे. २०१७ मध्ये आलेल्या जेयुनिट ५ ने त्यांना ‘बिफोर ईच’ आणि ‘बिफोर ऑल’ अशी नावे दिली. ‘इग्नोअर’ऐवजी ‘डिसेबल्ड’ आले. दुर्लक्ष आणि हेतुपुरस्सर बंद ठेवणे यांतील फरक त्यामुळे स्पष्ट झाला.

स्पष्ट नावासाठी किंमतही मोजावी लागली. स्थलांतराच्या काळात एकाच प्रकल्पात दोन्ही आवृत्त्यांचे ग्रंथालय असते. नव्या पद्धतीच्या चाचणीवर चुकून जुनी ‘बिफोर’ खूण राहिली, तर नवे इंजिन तिला ओळखत नाही आणि तयारीचा भाग चालतच नाही.

रूपकात्मक नावे

काही नावे इतर व्यवसायांतून घेतलेली आहेत. ‘फिक्श्चर’ हे यंत्रशाळेत काम चालू असताना वस्तू जागेवर घट्ट धरून ठेवणारे साधन. चाचणीत तो ठरावीक पूर्वस्थितीला दिलेला शब्द आहे. पायटेस्टमध्ये याच कल्पनेशी निगडित सोयीला आधी ‘फंकआर्ग’ असे तांत्रिक संक्षेपाचे नाव होते, २.३ आवृत्तीत (२०१२) ‘फिक्श्चर’ स्वीकारण्यात आले. जेरार्ड मेस्झारोस यांनी २००७ मधील ग्रंथात नकली वस्तूंच्या सर्व प्रकारांसाठी ‘टेस्ट डबल’ ही संज्ञा दिली. ती चित्रपटातील नटाऐवजी धोक्याची दृश्ये करणाऱ्या बदली कलावंतावरून घेतलेली आहे.

मराठीतील नावे

डॅन नॉर्थ यांनी २००६ मधील एका लेखात ‘टेस्ट’ हा शब्दच नवशिक्यांचा गोंधळ वाढवितो असे प्रतिपादन केले आणि ‘वर्तन’ या शब्दावर भर दिला. नॉर्थ व ख्रिस मॅट्स यांच्या ‘गिव्हन, व्हेन, देन’ या मांडणीवर क्युकंबर हे साधन (२००८) आधारलेले आहे. त्याच्या गर्किन या लेखनपद्धतीतील सूचक शब्द अनेक भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीही आहे. ‘सुविधा’ किंवा ‘वैशिष्ट्य’, ‘परिदृश्य’, ‘पार्श्वभूमी’, ‘जेव्हा’, ‘मग’ किंवा ‘तेव्हा’ हे त्यांतील काही शब्द होत.

‘गिव्हन’साठी ‘जर’ आणि ‘दिलेल्या प्रमाणे’ असे दोन पर्याय आहेत. ‘जर’ आटोपशीर असला तरी मराठी वाचक त्यानंतर ‘तर’ची वाट पाहतो. शालेय भूमितीत या अर्थाने ‘पक्ष’ ही संज्ञा रुळलेली आहे, पण ती येथे घेतलेली नाही; राजकीय अर्थामुळे ती सर्वसामान्य वाचकाला बुचकळ्यात टाकण्याची शक्यताही आहे. या पद्धतीने लिहिलेले परिदृश्य पुढीलप्रमाणे दिसते:

जर खात्यात ५०० रुपये आहेत
जेव्हा खातेदार २०० रुपये काढतो
तेव्हा खात्यात ३०० रुपये उरतात

शेवटच्या ओळीत ‘मग’ लिहिले तरी साधनाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. ‘तेव्हा’मुळे ‘जेव्हा’ची जोडी तेवढी पूर्ण होते.